अर्धवट दुरुस्त अमेरिकन मोटार : सौद्यापूर्वी हिशोब करा

"जुनी अमेरिकन मोटार विकणे आहे, निम्मे काम झाले आहे," अशी बातमी बाजारात आली की दोन प्रकारची माणसे ताबडतोब पोहोचतात. एक भंगारवाला. तो गाडीकडे किलोच्या हिशोबाने पाहतो. दुसरा शौकीन. तो गाडी पाहिली की हिशोबच विसरतो. वाडवडिलांची मोटार विकावयास निघालेले घर या दोघांच्या मध्ये सापडते. भंगारवाल्याला दिली तर माल कवडीमोल जातो. शौकिनाला खरे न सांगता दिली तर त्याची आयुष्याची पुंजी बुडते.

बोईसरच्या औद्योगिक पट्ट्यात लेथ, वेल्डिंग, पत्राकाम आणि रंगकाम करणारे कारागीर सहज मिळतात. त्यामुळे पालघर, बोईसर, तारापूर भागात असे काम सुरू करणे सोपे आहे. पुरे करणे तितके सोपे नाही. मध्येच पैसा संपतो, कारागीर दुसरीकडे जातो, मालकाचे वय होते, आणि गाडी ताडपत्रीखाली उभी राहते. अशा गाडीचा सौदा कसा करावा, याबद्दल काही गोष्टी आम्ही येथे मांडीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, अर्धवट गाडीची किंमत तिच्यावर झालेल्या खर्चावरून ठरत नाही, बाकी राहिलेल्या कामावरून ठरते. म्हणून बाकी काम लपविणे म्हणजे सरळ किमतीची चोरी होय.

गाडी आली कोठून?

प्रथम माल ओळखावा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील मोटार कारखाने लष्करी सामान बनवीत होते. १९४२ च्या आरंभी तेथे खाजगी मोटारींचे उत्पादन थांबले होते. युद्ध संपल्यावर १९४६ ते १९४८ या वर्षांत ज्या गाड्या निघाल्या त्या बहुतेक युद्धापूर्वीच्याच घाटाच्या होत्या. नवा घाट १९४९ च्या सुमारास आला. गाडी कोणत्या वर्षाची आहे हे ओळखताना ही गोष्ट उपयोगी पडते.

आपल्याकडे दिसणाऱ्या यांतील पुष्कळ गाड्या मुंबईतच जुळविलेल्या आहेत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे शेव्हरोलेट वगैरे गाड्यांची जुळवणी सुरू केली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या तयार होऊ लागल्या. १९५३ मध्ये जकात आयोगाने शिफारस केली की, ज्या कंपन्या येथे सुटे भाग बनविण्याची योजना न आखता नुसती जुळवणी करतात त्यांना चालू ठेवू नये. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ पर्यंत येथील काम आवरले. मोठ्या अमेरिकन गाड्यांची आवक आटली. ज्या आल्या होत्या त्या हात बदलत राहिल्या, काही मुंबईत टॅक्सी म्हणून चालल्या, काही गावाकडच्या वाड्यांत येऊन थांबल्या.

येथे एक इशारा. आमच्या भागात तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. त्यासाठी भारत आणि अमेरिकेचा करार १९६३ मध्ये झाला, पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज विक्रीसाठी सुरू झाली. ही गोष्ट सर्वांना माहीत असल्यामुळे एखादा दलाल सहज म्हणू शकतो की, "ही गाडी तारापूरला आलेल्या अमेरिकन साहेबाने सोबत आणलेली आहे," आणि त्या एका वाक्यावर लाखभर रुपये वाढवू शकतो. अशा वेळी स्टिअरिंगकडे पाहावे. अमेरिकन माणूस घरून गाडी आणील तर तिचे स्टिअरिंग डावीकडे असेल. उजवीकडचे स्टिअरिंग म्हणजे गाडी आपल्यासारख्या देशासाठी बनविलेली. शिवाय नोंदणी पुस्तकात पहिल्या नोंदणीचे वर्ष असते. ते १९५० असेल तर १९६४-६५ साली आलेल्या साहेबाने ती फार तर येथे विकत घेतली असेल. कागद नसलेल्या गोष्टीला पैसे देऊ नयेत.

"निम्मे काम" म्हणजे किती?

कापडाच्या धंद्यात ताग्याची वरची घडी पाहून कोणी माल घेत नाही. तागा उलगडतात, आतले वार पाहतात. गाडीतही तसेच करावे. दुरुस्तीत जे काम डोळ्यांना दिसते ते बहुधा स्वस्त असते, आणि जे दिसत नाही ते महाग.

पत्रा : आपली किनारपट्टी खाऱ्या हवेची आहे. गंज आधी खालून लागतो. दारांखालच्या पट्ट्या, पायांखालची जमीन, डिकीचा तळ, मडगार्डची आतली बाजू आणि चासीच्या आडव्या पट्ट्या पाहाव्यात. नवा चकचकीत रंग पाहून खुश होऊ नये. एक साधे लोहचुंबक घ्यावे आणि पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पुट्टीवर रंग टिकत नाही, पावसाळ्यात फुगतो.

इंजिन : त्या काळच्या प्लिमथ, डॉज, डिसोटो गाड्यांत साध्या बांधणीचे सहा सिलिंडरचे साइड-वाल्व्ह इंजिन असे. शेव्हरोलेटचे सहा सिलिंडरचे इंजिन ओव्हरहेड-वाल्व्हचे. दोन्ही दणकट आहेत आणि त्यांचे पुष्कळ भाग अमेरिकेत आजही नवे मिळतात. तरी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. प्लिमथ-डॉजच्या इंजिनात ब्लॉकच्या आत पाणी वाटणारी पत्र्याची नळी असते. ती गंजून गळाली की मागची सिलिंडरे तापतात. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून ती बदलली आहे काय, हे विचारावे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने खराब होतो, तो खर्चही धरावा.

वीज : शेव्हरोलेटमध्ये १९५५ पूर्वी आणि क्रायस्लरच्या गाड्यांत १९५६ पूर्वी सहा व्होल्टची व्यवस्था होती. एखाद्याने मध्येच बारा व्होल्टची बॅटरी जोडली असेल तर दिवे, घड्याळ, मीटर यांचे काय केले, हे तपासावे.

उजव्या स्टिअरिंगचे भाग : हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि शौकीन तोच विसरतात. अमेरिकेत इंजिनचे भाग मिळतात, पण उजव्या हाताचा डॅशबोर्ड, स्टिअरिंगची पेटी, पायातल्या दांड्या हे भाग तेथे मिळणे कठीण, कारण तेथील गाड्या डाव्या हाताच्या. गाडी खोलताना हे भाग हरवले असतील तर ते बनवूनच घ्यावे लागतात. म्हणून खोललेले भाग मोजून, यादीशी पडताळून घ्यावेत. "सगळे खोक्यात आहे" हे उत्तर मानू नये. खोके उघडावे.

क्रोम : लोखंडी बंपरवर पुन्हा मुलामा चढतो. पण दारांच्या मुठी आणि शोभेच्या पट्ट्यांपैकी काही जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यांना खड्डे पडले की काम अवघड आणि महाग होते.

बैठका : हा आमचा विषय आहे म्हणून थोडे सविस्तर सांगतो. त्या काळच्या बंद अमेरिकन गाड्यांत बैठकांना आणि छताला लोकरीचे दाट कापड असे. १९५० नंतरच्या दशकात नायलॉन आणि व्हिनाइल वाढले. आपल्याकडे जुने कापड फाटले की रेक्झिन घालून मोकळे होतात. नव्या मालकाला अस्सल स्वरूप हवे असेल तर ते सगळे काढावे लागते. म्हणून आमचा सल्ला असा की, फाटलेले मूळ कापड फेकू नये. बैठकीखाली दुमडलेला हातभर तुकडाही पुरे. त्यावरून वीण, वजन आणि रंग जुळविता येतो. ऊन न लागलेल्या दुमडीतला रंगच खरा समजावा.

किंमत कशी काढावी?

विकणारा म्हणतो, "दोन लाखांना घेतली, पाच लाख घातले, सात लाख द्या." हा हिशोब त्याच्या दृष्टीने खरा असेल, पण बाजार तो मानीत नाही. घेणाऱ्याने उलट्या बाजूने यावे. तशीच गाडी पूर्ण तयार स्थितीत कितीला जाते ते शोधावे आणि त्यातून बाकी खर्च वजा करावा. खालील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, कोणत्याही गाडीचा तो भाव नव्हे.

समजा, तयार गाडी १२,००,००० रुपयांची. बाकी काम असे : इंजिन २,५०,०००, ब्रेक-वायरिंग-टायर १,५०,०००, क्रोम १,००,०००, बैठका आणि छत ८०,०००, काच-रबर ७०,०००. एकूण ६,५०,०००. उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १,६२,५००. कागदपत्रे आणि वाहतूक ५०,०००. सर्व मिळून ८,६२,५००. बारा लाखांतून हे वजा केले तर उरतात ३,३७,५०० रुपये. ही त्या अर्धवट गाडीची योग्य किंमत.

जो भावनेच्या भरात सात लाख देतो, तो शेवटी १५,६२,५०० रुपये घालून १२ लाखांची वस्तू मिळवितो. ३,६२,५०० रुपयांचा तोटा त्याने पहिल्याच दिवशी पदरात घेतला. शौक म्हणून कोणी तो जाणूनबुजून सोसत असेल तर त्याची मर्जी. पण मुलीच्या लग्नाची किंवा हजची रक्कम यात घालू नये.

हाच हिशोब विकणाऱ्याचेही रक्षण करतो. अशी गाडी साधारण दीड टनाची. भंगाराचा दर किलोला ३० रुपये धरला तर ४५,००० रुपये होतात. मूळ इंजिन, मूळ डॅशबोर्ड आणि कागद शाबूत असलेली गाडी त्या भावात देणे म्हणजे नुकसान आहे. म्हणून "उद्याच उचलतो" म्हणणाऱ्याला लगेच होकार देऊ नये.

कागदपत्रे

चासी क्रमांकाची पट्टी आणि इंजिनच्या ब्लॉकवर कोरलेला क्रमांक हे दोन्ही नोंदणी पुस्तकाशी जुळले पाहिजेत. पेन्सिलने छाप काढून घ्यावा. क्रमांक जुळत नसेल तर कितीही सुंदर गाडी सोडून द्यावी. एमएच मालिका १९८९ मध्ये आली, त्यामुळे जुन्या पुस्तकात जुन्या पद्धतीचा क्रमांक दिसेल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, म्हणून जुन्या नोंदींत ठाण्याचा उल्लेख असेल. त्यात शंका घेण्यासारखे काही नाही. आज जिल्ह्यातील वाहनांचा संकेत एमएच-४८ आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खाजगी वापराची आणि मूळ स्वरूपातली गाडी यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुन्हा नोंदणीची फी ५,००० रुपये. ज्या गाडीची नोंदणी आधीच आहे तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदली तर क्रमांकात "व्हीए" ही अक्षरे येतात. अशी गाडी विकली तर घेणारा आणि विकणारा दोघांनी ९० दिवसांत आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला कळवावयाचे असते.

यातील दोन अटी सौद्याच्या आधीच समजून घ्याव्यात. पहिली, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नसावा. आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिने बसविण्याची पद्धत होती. अशी गाडी चालेल उत्तम, पण व्हिंटेज म्हणून नोंदविताना अडेल, आणि तिची किंमतही कमी धरावी लागेल. दुसरी, व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. "लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊ, दोन सीझनमध्ये पैसे वसूल," असा बेत कोणी सांगत असेल तर त्याला ही अट आधी दाखवावी.

साध्या नोंदणीवर ठेवावयाची असेल तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ही फी १०,००० रुपये आणि आयात चारचाकीसाठी ८०,००० रुपये झाली. त्यामुळे गाडी येथे जुळविलेली की आयात केलेली, हे पुस्तकात काय लिहिले आहे ते पाहण्याला आता पैशाचेही महत्त्व आहे.

गाडी मरहूम वडिलांच्या नावावर असेल तर

पुष्कळदा ज्याच्या ताब्यात गाडी आहे तो तिचा एकटा मालक नसतो. पुस्तकावर वडिलांचे किंवा आजोबांचे नाव असते. कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर ३० दिवसांत आणि नाव बदलण्याचा अर्ज नमुना ३१ मध्ये तीन महिन्यांत द्यावयाचा असतो. त्यानंतर विक्रीसाठी नमुना २९ आणि ३०. पण कायद्याच्या आधी हक्काचा प्रश्न आहे. मोटार हाही तरका होय. तिच्यात भावांप्रमाणे बहिणींचा आणि आईचाही हिस्सा आहे, तो कुरआनने ठरवून दिला आहे. "बहिणीला गाडीत काय कळते?" म्हणून परस्पर विकून पैसे ठेवणे म्हणजे दुसऱ्याचा माल खाणे. सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी आणि रक्कम वाटावी. घेणाऱ्यानेही ती संमती मागावी, नाहीतर पुढे कोणीतरी दारात उभे राहील.

ऐब झाकू नये

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे विचारून आपण फसविणाऱ्यापासून दूर असल्याचे त्यांनी बजावले. पुट्टीवर मारलेला ताजा रंग ही त्या राशीची वरची कोरडी बाजू आहे. "जशी आहे तशी घ्या" म्हटल्याने माहीत असलेला ऐब लपविण्याचे पाप सुटत नाही. लपविलेला जुना ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क शरीअतने ग्राहकाला दिला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात.

म्हणून विकणाऱ्याने एका कागदावर तीन रकाने करावेत : झालेले काम, बाकी काम, हरवलेले भाग. पावत्या आणि खोलण्यापूर्वीची छायाचित्रे सोबत द्यावीत. दोघांनी सह्या कराव्यात. अशा यादीने गाडीची किंमत कमी होत नाही. उलट घेणाऱ्याचा संशय जातो आणि तो आपल्या मनाने कापत असलेले पैसे वाचतात.

बयाण्याबाबतही लिहून ठेवावे. सौदा मोडला तर बयाणा जप्त करण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु हनफी आणि शाफई या दोन्ही मतांप्रमाणे अशी जप्ती योग्य नाही, रक्कम परत केली पाहिजे. मुदत किती, गाडी तोपर्यंत कोणाच्या जबाबदारीवर, हे आधी ठरले की तंटा होत नाही.

जकातीचाही प्रश्न येतो. घरच्या वापराच्या किंवा शौकाच्या गाडीवर जकात नाही. परंतु दुरुस्त करून विकण्याच्या नियतीनेच गाडी घेतली असेल तर ती व्यापारी माल झाली, आणि निसाबाच्या धन्याला वर्ष भरल्यावर तिच्या त्या दिवसाच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात द्यावी लागते. तो भाव अर्धवट स्थितीतला धरावा, मनातल्या तयार गाडीचा नव्हे. वारशाने आलेल्या गाडीचे मसले वेगळे आहेत, ते आलिमांना विचारावेत.

एकाकडे पैसा आणि दुसऱ्याकडे कारागिरी असेल तर भागीदारीत काम पुरे करण्यास हरकत नाही. मात्र नफ्याचे प्रमाण आधी ठरवावे, ठराविक रक्कम नव्हे, आणि पैसे लावणाऱ्याने तोट्याची तयारी ठेवावी. व्याजाने पैसे काढून असे काम करणे दीन आणि दुनिया दोन्ही हिशोबांनी वाईट.

पंचाहत्तर वर्षांची मोटार पुन्हा रस्त्यावर आली तर पत्रेवाला, टर्नर, गादीवाला, रंगारी अशा अनेक हातांना रोजी मिळते. हे काम चांगले आहे. फक्त गाडी घेण्याआधी चुंबक, नोंदणी पुस्तक आणि बाकी कामाची यादी या तीन गोष्टी हातात असाव्यात, आणि विकणाऱ्याने त्या ग्राहकाने मागण्याआधीच पुढे कराव्यात.